कोट्यवधींची पुडी

भांड्याकुंड्यांना वाचा होती त्या काळी एका ओट्यावर विरजणाची वाटी राहायची. एके दिवशी तिच्या शेजारी टॉनिकची बाटली, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि प्रोबायोटिकची चकचकीत पुडी येऊन बसली.

"माझ्यात कोट्यवधी जिवंत जंतू आहेत, पोटाला चांगले," पुडी तोऱ्यात म्हणाली. "तुझ्यात काय आहे गं, आंबट म्हातारे?"

"तेच," वाटी म्हणाली. "फक्त ते मोजत बसायला इथे कुणी रिकामटेकडं नव्हतं."

तेवढ्यात रेवाची आई आली. तिने पेल्यात उकळतं दूध ओतलं, त्यात टॉनिक घातलं, गोळीचा चुरा टाकला आणि वरून पुडी झटकली.

"अगं, निवू दे आधी! भाजतंय!" पुडी किंचाळली आणि कायमची गप्प झाली.

मग आईने तो पेला फुंकून फुंकून निववला आणि चार वर्षांच्या रेवाला पाजला. "आता पोटाची काळजी मिटली!" असं म्हणत ती दह्याच्या दुधाकडे वळली. त्यात बोट बुडवताच तिला चटका बसला.

"छे, एवढ्या गरम दुधात विरजण मरेल," ती पुटपुटली.

"दह्यासाठी बोट भाजून घेतेस," वाटी फणकारली, "आणि लेकीला मढी पाजतेस!"