अनंत, तगर आणि शिंपीण

एका बैठ्या घरामागे छोटीशी बाग होती आणि त्या बागेत एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे चोचीने पाने शिवून घरटे करणारी चिमुकली पक्षीण. स्वभावाने भारी भित्री. दोरीवरचा टॉवेल हलला तरी ती कुंपणापलीकडे जाई. अंडी घालायला चारच दिवस उरले होते आणि घरट्याची जागा ठरत नव्हती. बागेत दोन झुडपे शेजारी शेजारी उभी होती, एक अनंताचे, एक तगरीचे. दोन्हींची पाने सारखीच हिरवी, तुकतुकीत. फुलेही तशीच, पांढरी आणि भरगच्च पाकळ्यांची.

"अगं, त्यात बघायचंय काय?" अनंतावर घरटे बांधणारी बुलबुल म्हणाली. "अनंताचा घमघमाट बघ. तगरीला मेलीला वास तरी आहे का? की आधी टॉवेलला विचारून येतेस?"

शिंपिणीने टोमणा गिळला. तिने अनंताच्या पानाला कडेला चोच टोचली. काहीच झाले नाही. मग तगरीच्या पानाला टोचली, तर पांढरा चीक टपकन बाहेर आला. शिंपीण दचकून उडाली ती थेट दोरीवर. पण ती परत आली आणि तिने तो चीक चाखून पाहिला. कडूजहर.

"बुलबुलताई, मी तगरीवरच राहते," ती म्हणाली. "टोचल्यावर जे पान गप्प बसतं, ते कुणी खाल्लं तरी गप्पच बसेल." बुलबुल हसत सुटली. शिंपिणीने दोन पाने जवळ ओढून कापसाचे टाके घातले. चीक सुकला तसे टाके पक्के बसले.

तिसऱ्या दिवशी फाटक उघडे राहिले आणि एक शेळी आत शिरली. तिने अनंतापासूनच सुरुवात केली. पाने गेली, कोवळ्या फांद्या गेल्या, बुलबुलचे नवेकोरे रिकामे घरटे मातीत पडले. मग शेळीने तगरीला तोंड लावले. शिंपीण घरट्यातून हलली नाही. शेळीने एक पान चावले आणि थुंकले. "शी, हे कसलं खाणं," म्हणत ती चालती झाली.

बुलबुल उडत तगरीजवळ आली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या शेजारची फांदी रिकामी आहे का गं?"

"आहे की," शिंपीण म्हणाली. "पण ताई, आधी टोचून बघ हं."

तात्पर्य : शंका आली तर पळून न जाता पारखून पाहावे, सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतली आपल्या कामाची कोणती, ते नुसत्या वासावरून कळत नाही.