स्वस्तातली काच

जेजुरीला नव्या जोडप्यावर भंडारा उधळला गेला, तेव्हा स्टुडिओवाल्या मोडकसाहेबांनी आपली लाखाची लेन्स शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसली. ओरखडे पडले, पुढचे सगळे फोटो धुरकट आले. लेन्सपुढे फिल्टरची साधी काच लावायचं त्यांच्या मदतनीस शलाकाने आधी सुचवलं होतं. साहेब हसले होते, "महागड्या भिंगापुढे स्वस्तातली काच? चित्राची वाट लागते, बाई!"

आता नवरीचे वडील तणतणत स्टुडिओत आले. साहेब शलाकाच्या कानात कुजबुजले, "पुढे हो. लेन्स तू पुसलीस म्हणून सांग. नोकरी हवीय ना?"

घरी दीड वर्षाची लेक होती. तरी शलाका मोठ्याने म्हणाली, "साहेब, स्वस्तातली काच पुढे आली की चित्र बिघडतं ना? मग मला कशाला पुढे करता? तुम्हीच या, काकांना स्वच्छ दिसू दे."

साहेबांना सगळ्यांसमोर हात जोडावे लागले.

सोमवारी शलाकाच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसली होती.