दारापुढचा बर्फ

ज्या गावात माणूस जन्मला, ते गाव त्याला ठाऊकच असतं, असं तुम्हालाही वाटतं ना?

सादानोरीला तसंच वाटे. जपानच्या उत्तरेला हानेकावा नावाचं किल्ल्याचं गाव होतं. तिथल्या सरदारांच्या पदरी तो लेखनिक होता. अकरा वर्षं खपून त्यानं गावाचा ग्रंथ लिहिला होता. डोंगर, नदी, हवापाणी, सरदारांच्या सात पिढ्या... सगळं त्यात होतं. वसंतात तो ग्रंथ सरदारांपुढं ठेवायचा होता. त्याआधी त्याला आपल्या गुरूंचा, वृद्ध भिक्षू गेंकाईंचा, होकार हवा होता.

"वाच," गेंकाई म्हणाले.

तो वाचू लागला. समुद्रावरचा वारा डोंगराला अडतो आणि गावावर पुरुषभर बर्फ टाकतो. पहिल्या सरदारानं नदी वळवून किल्ल्याचा खंदक भरला. पूर्वेला विणकर वसवले, पश्चिमेला शिपाई...

"पुढं?"

"'रात्री कितीही बर्फ पडो, इथल्या भूमीचा गुणच असा, की उजाडेपर्यंत वाटेवरचा बर्फ आपोआप घट्ट बसतो.'"

गेंकाईंनी मिटलेले डोळे उघडले.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं, महाराज? रोज सकाळी दारातून पाहतो मी."

गेंकाई उठले. कोपऱ्यातून त्यांनी गवताचे बूट आणले. गुडघ्यापर्यंत उंच, बादलीएवढे रुंद.

"घाल."

सादानोरीनं घातले. पाय आत हरवून गेले.

"कशासाठी आहेत?"

"माहीत नाही..."

"गावात घरटी एक जोड आहे. पहाटे उठायचं, हे चढवायचे आणि आपल्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत बर्फ तुडवत जायचं. शेजाऱ्यानं त्याच्या पुढच्या दारापर्यंत. वाट अशी होते, बाबा."

सादानोरीनं खाली बुटांकडं पाहिलं. बायको होती तोवर तिचे पाय सकाळी ओले असायचे. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मग माझ्या दारापुढं आता..."

"ओत्सुने तुडवते. आधी स्वतःची वाट, मग तुझी."

ओत्सुने आजी त्याच्या शेजारी राहायची. शिपायाची विधवा, सत्तरी उलटलेली. रस्त्यात भेटली की कंबर धरून वाकायची. तो मान आपल्या लेखणीला आहे, असं समजून हा पुढं जायचा.

"मला कधी बोलल्या नाहीत त्या."

"मी म्हटलं होतं तिला, सांग त्याला. तर म्हणाली, 'लेखनिकबुवा जागून लिहितात, झोप कशाला मोडू? ग्रंथ झाला की वाचून दाखवतील, म्हणजे आपल्या गावात बर्फ कसा पडतो ते मलाही कळेल.'"

सादानोरीचे कान तापले. मान वर होईना. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही.

तो पुटपुटला, "ती ओळ खोडतो, महाराज..."

"खोडू नकोस," गेंकाई म्हणाले. "ओत्सुनेच्या दारापुढं तसं अजून एकदाही घडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ओत्सुने आजीनं बूट चढवून दार उघडलं, तेव्हा वाटेवरचा बर्फ घट्ट बसलेला होता.