विसोबा तांबटाचा उडता हंडा

घाटाखाली आगगाडी नवी नवी धावायला लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. वर कातळवाडीत विसोबा नावाचा तांबट राहायचा. त्यानं गाडी पाहिली आणि त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. वाफ एवढे डबे ओढते, मग एका माणसाला वर का नेणार नाही? त्यानं तांब्याचा मोठा हंडा घडवला, त्याला वेळूचे पंख जोडले, खाली शेगडी टांगली. असं म्हणतात, हंडा तापला की पंख आपोआप हलायला लागायचे.

पण हंड्याच्या झाकणाला एक भोक होतं. त्यातून अशी शीळ निघायची की माणसं कानांवर हात ठेवून घरात पळायची. म्हशी आटल्या. पोरं अंथरुणं ओली करायला लागली. शेवटी पाटील दारात आले.

"विसोबा, पुन्यांदा ती किंकाळी आली, तर यंत्र फोडू अन् तुला गावाबाहेर घालवू."

"किंकाळी न्हाई, पाटील. हंड्याचा श्वास हाय त्यो. कोंडला तर हंडा फुटंल."

विसोबाची बायको सारजा तेव्हा पाण्याला गेली होती. तिच्या कानावर आली ती फक्त धमकी. नवऱ्याला गाव हाकलणार, एवढंच तिच्या मनात बसलं. उडायच्या दिवशी तिनं पहाटेच कणीक मळली आणि पातेल्याचं झाकण लिंपतात तसं ते भोक लिंपून टाकलं.

उजाडल्यावर विसोबानं जाळ केला. कणीक भाजून दगड झाली. शीळ आली नाही, तसं गाव निर्धास्त माळावर जमलं; उडायच्या घाईत विसोबाच्या ते ध्यानातच आलं नाही. विसोबा वर चढून बसला. हंडा हलला, जमिनीवरून सुटला आणि देवळाच्या कळसाच्याही वर गेला.

मग तांबं कुरकुरायला लागलं. विसोबानं झाकणाकडे पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. त्याचं तोंड बघून सारजाला खालूनच सगळं कळलं. ती धावत पुढं होऊन ओरडली,

"अवं, म्या लिंपलंय ते! फोडा!"

विसोबानं हातोडी उचलली. पण वाफ सोडली की हंडा तिथंच कोसळणार होता, आणि खाली सगळं गाव उभं होतं. त्यानं हात आवरला. कुरकुरणारा हंडा तो तसाच माळापलीकडच्या कड्याकडे वळवत गेला. तो दिसेनासा झाला, तेव्हा कड्यापलीकडून शीळ आली, लांबच लांब, आणि दरीत विरून गेली.

लोकांनी दरी पालथी घातली. तांब्याचा तुकडाही सापडला नाही. तो अजून वरच आहे, असं म्हणतात. सारजा मरेपर्यंत रोज दोन पानं वाढायची आणि कड्याकडे तोंड करून हाक मारायची.

कातळवाडीत आजही कुणी झाकण लिंपत नाही, सणावारीसुद्धा ते जरा कलतंच ठेवतात. आणि चुलीवर वाफेची शीळ आली की घरातली बाई, मग ती काल आलेली सून का असेना, हातातलं काम टाकून दारात येते, कड्याकडे बघते आणि सारजाची हाक देते,

"या आता खाली. पान वाढलंय."