टिचकीची खिंड

आमच्या पाड्याच्या वर ती खिंड दिसते ना, तिला टिचकीची खिंड म्हणतात. कामठा, म्हणजे धनुष्य, घेतलेला पुरुष तिथून तसाच पुढे जात नाही. आधी घरची बाई त्याचा बाण दोरीला लावते, कामठा असा धरते की बाण खाली लोंबावा, आणि दोरीला एक टिचकी मारते. लोंबला आणि टिचकीला पडला, तर जा. आपोआप गळाला किंवा चिकटून राहिला, तर घरी चल. पाहुणे हसतात. हसू देत.

फार पूर्वी इथे वेस्ती नावाची बाई होती म्हणे. बाणाच्या बुडाला दोरी बसायची खाच कोरावी तर तिनेच. तिचा नवरा नुरजी मका खाणाऱ्या अस्वलामागे चार-चार दिवस डोंगरात असे. धावताना बाण दोरीवरून निसटायचा, मग हा रिकाम्या हाताने यायचा आणि पुन्हा निघायचा. त्या वर्षी तो घरी किती झोपला, ते वेस्तीलाच ठाऊक.

एकदा तिने खाच इतकी अरुंद कोरली की बाण दोरीवर ठोकून बसवावा लागला.

"बाण आहे का गोचीड?" नुरजी म्हणाला.

"निसटणार तर नाही. आजच्या आज ये. दोघांची भाकरी थापते."

"थाप. माझी जाड थाप."

अस्वल दहा पावलांवर उभं राहिलं. नुरजीने ताणून सोडलं, पण बाण दोरीला धरून राहिला आणि त्याच्याच पायाशी पडला. दुसरा लावायला वेळ मिळाला नाही. सोबत्यांनी त्याला दरीतच माती दिली. घरी कामठा तेवढा आला.

वेस्ती रडली, असं कोणी सांगत नाही. ती दुसऱ्या एका बाणाची खाच खरवडत बसली, असं सांगतात. केसभर खरवडायची, त्याच्या कामठ्याला लावून बघायची. पावसाळा गेला, थंडी गेली. एका सकाळी बाण आपल्याच वजनाने लोंबला आणि टिचकीसरशी सुटला. अगदी हवा तसा. हातात द्यायला मात्र घरात कोणी नव्हतं.

तेव्हा ती खिंडीत जाऊन उभी राहिली. येईल त्याला म्हणायची, "बाण दाखव."

"बाईनं वाट अडवायची का?" एक म्हातारा चिडला.

"अडवीन. तुझ्या म्हातारीला विचार, तिला तू हवास का नुसता कामठा."

म्हाताऱ्याने बाण काढून दिला.

आता शिकार राहिली नाही. पण आजही होळीला नाचायला निघालेले पुरुष बाण दाखवूनच खिंड ओलांडतात. ते गेले की पाड्यातली सगळ्यांत थोरली बाई एक बाण लावते, ज्याला कोणी धनी नाही. टिचकी मारते. बाण पडतो, तो कोणी उचलत नाही. मग ती वाटेकडे बघत उभी राहते, आणि बाकीच्या बाया तिला चल म्हणत नाहीत.