द्राक्षं चाखणारा म्हातारा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते मला ठाऊक नाही, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही.

एका डोंगरावर एक गाव होतं. गावाच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे होते, एक उतार उगवतीकडचा आणि एक मावळतीकडचा. गावाच्या मधोमध मोठं रसघर होतं. तिथं द्राक्षं तुडवून त्यांचा रस मातीच्या रांजणांत मुरवत. ते मद्य बैलगाड्यांतून खालच्या मुलखात जाई आणि त्याच गाड्यांतून वर्षाचं धान्य वर येई. डोंगरावर दुसरं काही पिकत नसे. रांजण भरले तरच ताटं भरत.

कच्च्या द्राक्षांचा रस नीट मुरत नाही, वाया जातो. म्हणून तोडणी कधी करायची, हे ठरवण्याचं काम एका जाणत्या म्हाताऱ्याकडे होतं. त्याला सगळे आबा म्हणत. आबा मळ्यात जायचे, द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "उद्या विळे काढा," नाहीतर, "अजून नाही." चाळीस वर्षांत त्यांचा शब्द चुकला नव्हता. त्यांच्या मानापायी गावानं एक रीतच पाडली होती. आबांनी सांगितल्याशिवाय एक मणीही कुणी तोंडात टाकायचा नाही.

एका वर्षी आभाळ बिघडलं. वेल फुलोऱ्यात असताना पाऊस पडला. मणी भरताना उन्हानं पानं करपली. आणि तोडणी जवळ आली तसे पुन्हा ढग जमू लागले. त्याच दिवसांत आबांना ताप आला. नऊ दिवसांनी तो उतरला.

दहाव्या दिवशी सुनेनं त्यांना आमटी वाढली. ते वाटीभर प्यायले. मागाहून सून जेवायला बसली आणि पहिल्याच घोटाला थांबली.

"मामंजी, आमटीत मीठच नव्हतं की हो! तुम्ही काही बोलला नाहीत?"

आबा म्हणाले, "मला काहीच लागत नाही ग पोरी. गूळ दे नाहीतर माती दे."

"मग कारभाऱ्यांना सांगायला हवं."

"नको. येईल चव परत. माणूस मेल्यावर त्याची जागा दुसऱ्याला देतात. माझी जिवंतपणीच द्यायची का?"

सुनेला त्यांची दया आली आणि ती गप्प बसली.

चार दिवसांनी रसघराचा कारभारी आला. "आबा, ढग बघताय ना? चला, चाखा."

आबांनी मणी तोंडात टाकला. तोंडात पाणी आलं, चव काही आली नाही. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. मनात म्हणाले, थांबा म्हटलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? आणि मोठ्यानं म्हणाले, "अजून नाही."

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. "अजून नाही."

तिसऱ्या वेळीही आबा तेच म्हणाले, तेव्हा मळ्यात घड तोडणारी एक बाई पुढं आली. तोंडाची फटकळ, पण कामाला वाघीण. ती म्हणाली, "आबा, मावळतीच्या मळ्यात पाखरं उतरलीत. त्यांना कोण सांगायला गेलं?"

"पाखरांना काय कळतं कच्चं आणि पिकं?" आबा म्हणाले.

"त्यांचं पोट त्यांना कळतं, म्हणून म्हटलं."

कारभारी तिच्यावर डाफरला. "चाळीस वर्षांत आबा चुकले नाहीत. तू शिकवणार त्यांना?"

बाई पदर खोचून कामाला लागली. आबांनी मान खाली घातली.

मग पाऊस आला. तो मावळतीकडून आला आणि तीन दिवस कोसळला. मणी पाणी पिऊन फुगले आणि तडकले. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा सगळ्या उतारावर आंबूस वास सुटला होता आणि गांधीलमाश्या घोंगावत होत्या. मावळतीचा मळा गेला. मधे डोंगरमाथा होता, म्हणून उगवतीचा तेवढा वाचला.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांना वाटलं, आता लोक येतील आणि मला बोलतील. लोक आले, पण बोलायला नव्हे. कारभाऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, आबा. आभाळच फाटलं, त्याला तुम्ही काय करणार? उगवतीच्या मळ्याचं तुम्ही सांगाल तेव्हाच बघू."

बाळांनो, शिव्या सोसता येतात. पण ज्याचं आपण नुकसान केलं त्यानंच आपलं सांत्वन करावं, हे सोसवत नाही. आबांनी वर बघितलं. मावळतीकडे पुन्हा काळं होत चाललं होतं. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "सगळे उगवतीच्या मळ्यात चला."

मळ्यात लोक गोळा झाले. आबा म्हणाले, "माझी जीभ तापात मेली. मला चव कळत नाही. तीन वेळा मी तुम्हाला खोटं सांगितलं."

ती फटकळ बाई पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "एवढंच सांगायचं होतं की, आबा! आम्ही काय तुम्हाला गावाबाहेर काढलं असतं?"

"लाज वाटली ग."

"तुमच्या लाजेपायी आमच्या लेकरांची भाकरी गेली."

"गेली," आबा म्हणाले.

कारभारी कपाळाला हात लावून बसला. "आता सांगणार कोण? दुसऱ्या कुणाला यातलं कळतंच कुठं?"

आबांनी मधल्या ओळीतला एक मणी तोडला आणि त्या बाईच्या हातावर ठेवला. "टाक तोंडात."

ती बिचकली. अशी वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मग तिनं मणी खाल्ला.

"कसा लागतो?"

"गोड. शेवटी जरासा आंबटपणा येतो."

"साल चाव. घशाला ओरखडा येतो का?"

"नाही."

"बी फोड दाताखाली. तुरट लागतं?"

ती सावकाश चावत राहिली. "नाही. भाजल्या दाण्यासारखं लागतं."

"म्हणजे पिकली," आबा म्हणाले. "मग उद्याची वाट बघू नका. आत्ताच विळे काढा."

म्हातारीकोतारी आली, लेकुरवाळ्या आल्या. दिवस मावळेपर्यंत पाट्या रसघराकडे जात राहिल्या. शेवटची पाटी आत गेली आणि पाऊस सुरू झाला.

त्या वर्षी निम्मेच रांजण भरले आणि गाड्यांतून धान्यही निम्मंच आलं. गावानं हिवाळा एका वेळच्या जेवणावर काढला. कारभारी कितीतरी दिवस आबांशी बोलला नाही आणि आबांनीही त्याला दोष दिला नाही. गावानं जुनी रीत मोडली. तोडणीच्या आधी आता पाच-सहा जण मणी चाखत, आबा त्यांना एकेक प्रश्न विचारत आणि मग सगळे मिळून ठरवत. मानाची जागा अशी उरली नाही. आबा इतरांसारखेच पाटी घेऊन ओळीत उभे राहत. पहिल्या वर्षी त्यांच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. दुसऱ्या वर्षी ती फटकळ बाई जरा सरकली आणि म्हणाली, "या आबा, इथं सावली आहे."

आपल्याला कळेनासं झालं हे वेळेवर सांगण्यात कमीपणा नाही. ते लपवलं, तर दुसऱ्याच्या ताटातला घास जातो.