मोगऱ्याचा ताण

फार जुनी गोष्ट आहे. तटबंदीच्या एका नगरात एक बाग होती आणि त्या बागेत एक माळी होता. बाग राजवाड्याची, पण तिचा दरवाजा सगळ्यांना उघडा. कोणीही यावं, सावलीत बसावं, वास घ्यावा. फूल तोडायचं तर मात्र माळ्याला विचारावं लागे. आणि या माळ्याला विचारणं म्हणजे वाघाच्या मिशीला हात लावणं.

बागेत गुलाब होते, जाई होती, मेंदीचं कुंपण होतं. पण नाव होतं ते मोगऱ्याचं. चांगली चारशे झुडपं. चैत्रातल्या तृतीयेला नगरदेवी झोपाळ्यात बसे. तो झोपाळा वरच्या कड्यांपासून खालच्या फळीपर्यंत याच मोगऱ्यानं मढवायचा, अशी रीत होती. दुसरीकडचं एक फूल चालत नसे. उरलेल्या फुलांचे गजरे नगरातल्या बायका माळत.

मोगरा ऐन चैत्रात भरभरून कसा फुलवायचा, हे माळ्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. बापाला आज्यानं. घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. बापानं बजावलं होतं, "झाड लावायला कोणालाही शिकव. फुलवायला शिकवू नकोस. ज्या दिवशी शिकवशील, त्या दिवशी तुझी गरज संपली." माळ्याला मूलबाळ नव्हतं. पुढे हे कोणाला द्यायचं, हा प्रश्नच होता. तरी त्यानं तोंड मिटून ठेवलं होतं.

गुपित तसं साधंच. थंडी पडली की मोगऱ्याचं पाणी तोडायचं. दीड महिना थेंब घालायचा नाही. पानं पिवळी पडतात, गळतात, झुडूप काटक्यांची मोळी दिसू लागतं. माळ्याच्या घरात याला ताण देणं म्हणत. ताण बसला की झाड वाढायचं थांबतं आणि आतल्या आत जोर धरतं. मग संक्रांतीला छाटायचं, शेणखत घालायचं, पाणी सोडायचं. असं झाड कळ्यांनी लदबदतं. पण मध्येच कोणी पाणी घातलं, तर ताण मोडतो. झाड हिरवंगार होतं आणि फूल धरत नाही.

बापानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. "ताणाच्या दिवसांत मोगऱ्याकडे फिरकू नकोस. सुकलेलं झाड बघून माळ्याचा हात शिवशिवतो." म्हणून कार्तिक सरला की माळी बागेच्या दुसऱ्या टोकाला गुलाबांत काम करी आणि संक्रांतीपर्यंत मोगऱ्याकडे पाठ फिरवी.

त्या वर्षी दिवाणजींच्या मनात आलं की बागेच्या जागी घोड्यांची पागा बांधावी. जागा मोठी, तटाला लागून, पाण्याची सोय. त्यांनी राणीसरकारांच्या कानी घातलं. राणीसरकार म्हणाल्या, "बाग देवीच्या झोपाळ्यासाठी आहे. या चैत्रात झोपाळा तिच्या मोगऱ्यानं मढला, तर बाग राहील. नाही मढला, तर पागा बांधा."

माळ्यानं हे ऐकलं आणि तो नुसता हसला. आजवर झोपाळा कधी उघडा राहिला नव्हता.

मार्गशीर्षात एक कासारीण बागेत आली. डोक्यावर बांगड्यांची टोपली. नगरातलं एक घर तिला परकं नव्हतं. ती मोगऱ्यापाशी थांबली आणि तिचा जीव गलबलला.

"अहो माळीबाबा," तिनं हाक मारली, "मोगरा मरायला टेकलाय. पाणी का घालत नाही?"

"तुझ्या बांगड्या भट्टीत किती वेळ ठेवायच्या, हे सांगायला मी येतो का?" माळी म्हणाला.

"यायचं की! मी पाट मांडीन, गूळपाणी देईन. पण मोगरा?"

"मोगरा माझा. मी बघतो. चालू लाग."

ती चार दिवसांनी पुन्हा आली. माळ्यानं तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा आली, तेव्हा त्यानं खुरपं उगारलं.

माळीण हे बघत होती. भाकरी वाढताना म्हणाली, "सांगा की तिला. चार शब्दांनी तुमची जीभ झिजणार आहे का?"

"आज तिला सांगितलं की उद्या साऱ्या गावाला."

"मग कळू दे गावाला."

"तू भाकरी वाढ," माळी म्हणाला.

आता त्या नगराची एक जुनी रीत होती. आजे-पणज्यांच्या काळात तिथे मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हापासून सुकणाऱ्या झाडाजवळून कोणी रिकाम्या हातानं पुढे जात नसे. हातात पाणी असेल तर ओंजळभर तरी मुळाशी घालायचं. न घालेल तो पुढल्या जन्मी सरडा होऊन कुंपणावर तापत बसेल, असं म्हातारे सांगत. कासारणीनं घरोघर बांगड्या भरता भरता सांगितलं, "माळ्याच्या मनात काय पाप आहे कोण जाणे. दिवाणजींनी त्याला फितवला असेल. तो मोगरा मारतोय. आपण जगवू या."

बायका दुपारी नदीवरून पाणी घेऊन परतत. माळी त्या वेळी जेवून घटकाभर आडवा होई. रोज कोणी तांब्याभर, कोणी अर्धी कळशी मोगऱ्याला घालून जाऊ लागलं. पुरुषही मागे राहिले नाहीत. महिनाभर असं चाललं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट प्रत्येकाला वाटे, आपण देवीची सेवा करतोय.

संक्रांतीच्या दिवशी माळी धार लावलेला कोयता घेऊन मोगऱ्याकडे गेला. आणि जागीच उभा राहिला. काटक्या दिसायला हव्या होत्या, तिथे पोपटी पानं सळसळत होती. त्यानं मातीत बोटं खुपसली. मूठभर माती दाबली, तिचा लाडू वळला. 

दुपारी तो जेवायला गेला नाही. मेंदीआड बसून राहिला. बायका आल्या, कळश्या कलत्या झाल्या, पाणी मुळाशी गेलं. माळी धावत सुटला.

"काय केलंत हे! मारलात माझा मोगरा!"

"आम्ही मारला?" कासारीण कमरेवर हात ठेवून पुढे आली. "डोळे उघडून बघा. तुम्ही मारत होता, आम्ही जगवला. हिरवागार झालाय."

"हिरवा झालाय म्हणूनच मेलाय! यंदा एक कळी धरायची नाही. झोपाळा उघडा, बाग गेली, कळलं? पाणी मुद्दाम तोडलं होतं!"

बायकांच्या हातून कळश्या सुटता सुटता राहिल्या. कासारणीचा चेहरा उतरला.  मग ती हळूच म्हणाली, "माळीबाबा, मी तीनदा विचारलं होतं."

 माळी विहिरीच्या काठावर जाऊन बसला.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली सोपी होती. राजवाड्यात जायचं आणि सांगायचं, लोकांनी ताण मोडला, माझा दोष नाही. राणीसरकार न्यायी होत्या. त्यांनी एक वर्ष वाढवून दिलं असतं. पण राजवाड्याच्या झाडाला विचारल्यावाचून हात लावणाऱ्याला तटाबाहेर घालवायचा, असा हुकूम होता. कासारीण गेली असती. तिच्यामागे निम्मी आळी गेली असती.

दुसरी वाट अवघड होती. ताण अजून बसू शकत होता, पण घाईनं. प्रत्येक झुडपाभोवतीची ओली माती वीतभर उकरायची, बारीक मुळं उघडी करून त्यांना ऊन दाखवायचं, कोवळी पानं हातानं ओरबाडून काढायची. तेही तीन दिवसांच्या आत, नाहीतर चैत्र गाठता येत नव्हता. चारशे झुडपं आणि माणसं दोन, तीही गुडघे धरून उठणारी. गाव हवं होतं. आणि गावाला हाक मारायची तर गुपित सांगावं लागणार होतं.

माळीण शेजारी येऊन बसली.

"बापाला वचन दिलं होतं," माळी म्हणाला.

"बाप तुमचा बाग राखा म्हणाला होता, की गुपित राखा?"

माळी उठला. बायका अजून तिथेच घुटमळत होत्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. सांगायची सवय नव्हती, म्हणून अडखळत सांगू लागला. ताण म्हणजे काय, कशासाठी, किती दिवस, पाणी केव्हा सोडायचं. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "चूक माझी. आता हात तुमचे पाहिजेत."

"आणि आमचं पाप?" एक म्हातारी घाबरून म्हणाली. "जित्या झाडाची मुळं उघडी पाडून सुकवायची? सरडे होऊ आम्ही!"

"झालीस तर माझ्याच कुंपणावर बस," माळी म्हणाला. "किडे तरी खाशील."

पहिल्यांदाच लोकांनी त्याला थट्टा करताना ऐकलं. म्हातारीनं पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सारं नगर बागेत लोटलं. कोणी खुरपं आणलं, कोणी पळी, कोणी नुसती नखं. माळी झुडपाझुडपातून फिरत होता. "वीतभरच. जाड मुळाला धक्का नको. अरे, झाड आहे ते, दात नाही उपटायचा!" तिसऱ्या दिवशी मावळतीला चारशे झुडपं उघडी पडली. मग एकवीस दिवस कोणी मोगऱ्याला थेंब घातला नाही. नदीवरून येणाऱ्या बायका कळशीवर हात ठेवून, मान वळवून जात.

माघ निम्मा सरल्यावर छाटणी झाली. माती ओढली, खत पडलं, पाणी सुटलं. फाल्गुन आला. कळी दिसेना. माळी रोज पहाटे फांदी न फांदी चाचपी. होळी झाली, तरी नुसती पानंच. दिवाणजी पागेच्या पायाची दोरी घेऊन एकदा बाग मोजूनही गेले. आणि पाडव्याच्या दहा दिवस आधी कासारीण ओरडत आली, "माळीबाबा, तांदळाएवढी आहे! पण आहे!"

तृतीयेच्या सकाळी तोडणी झाली. दर वर्षी टोपल्या ठेवायला जागा पुरत नसे. यंदा मोजक्याच भरल्या. हार ओवले, झोपाळा मढवला. कड्या झाकल्या, दांड्या झाकल्या, पुढची फळी झाकली. फळीची मागची बाजू तेवढी उघडी राहिली. बागेत एक फूल उरलं नव्हतं.

राणीसरकार दर्शनाला आल्या. दिवाणजींनी झोपाळ्याभोवती एक फेरी घातली.

"मागची बाजू उघडी आहे, सरकार."

राणीसरकारांनी मागची बाजू पाहिली. मग समोर जमलेल्या बायका पाहिल्या. "आज एकीच्याही केसांत गजरा नाही?"

"फुलं होती तेवढी देवीला दिली, सरकार," कासारीण म्हणाली.

"इतकी कमी का फुलली?"

कासारीण पुढे सरली. पण माळी तिच्या आधी बोलला. "ताण मोडला, सरकार. कसा द्यायचा ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला हाकलून दिलं. दोष माझा आहे. मग सांगितलं, तेव्हा गावानं एवढी फुलवली."

दिवाणजी हसले. "म्हणजे आता साऱ्या गावाला येतं. मग माळी कशाला हवा?"

बापाचे शब्दच जणू कोणी उच्चारले. माळ्याची मान खाली गेली.

"तसं नाही दिवाणजी," कासारीण म्हणाली. "छाटणीत निघालेली फांदी मी यांना विचारून दारात लावलीय. पाणी कसं घालायचं, ते मला कळलं. कुठे थांबवायचं, ते नाही कळलं. महिनाभरात पाच वेळा यांच्याकडे धावले. आधी आम्हांला यांची गरज आहे हेच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं."

गर्दीतून हुंकार उठले. कोणाकोणाच्या दारात फांद्या लागल्या होत्या, ते तिथेच कळलं.

राणीसरकार झोपाळ्यापुढे आल्या. त्यांनी दोरी धरून एक झोका दिला. "देवी पुढे बघते, दिवाणजी," त्या म्हणाल्या. "झोपाळा मढला आहे. पागा नदीपलीकडे बांधा."

माळ्यानं हात जोडले आणि तो बागेकडे चालू लागला. बायका मागोमाग निघाल्या. वाटेत कासारणीनं विचारलं, "माळीबाबा, जाईलाही ताण लागतो का हो?"

माळी थांबला. तटाच्या सावलीत एक सपाट दगड होता, त्याकडे त्यानं बोट दाखवलं.

"बस," तो म्हणाला. "सांगतो."

तात्पर्य: विचारायला आलेल्याला जो दारातून परत पाठवतो, त्यानं पुढे त्याच्या अज्ञानाला बोल लावू नये.